कच्चा लिंबू दुसऱ्या डावाला का थांबत नाही?

तिसरी_चाल (धागाकर्ती)

आमच्या साइटवर पाळीपाळीने खेळायचा नकाशाचा खेळ चालतो. मुलूख घ्यायचे, सैन्य हलवायचं, तह करायचे, मोडायचे. साइट लहान आहे. चालवणारे दोघं, आणि मदतीला आम्ही चार-पाच जुने खेळाडू. मी गेली सहा वर्षं नव्या लोकांच्या शंकांना उत्तरं देते.

या सहा वर्षांत नवे लोक यावेत म्हणून सुचेल ते सगळं केलं. पहिलं पान बदललं, नोंदणी एका पायरीवर आणली, खेळाची शिकवणी तीन वेळा नव्याने लिहिली. लोक येतात. पहिला डाव खेळतात. आणि मग दिसत नाहीत.

गेल्या महिन्यात मी नव्या खात्यांचे पहिले डाव एकेक करून उघडून पाहिले. त्यातला एक अजून डोळ्यांसमोर आहे. नव्या खेळाडूने पहिल्याच फेरीत सगळं सैन्य सरहद्दीवर सारखं वाटून टाकलं. नवखा माणूस बहुधा हेच करतो, कारण प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं असलं की जिवाला बरं वाटतं. समोरचा आठ वर्षं जुना. त्याने सैन्य एका जागी गोळा केलं, फळी फोडली, चौथ्या फेरीला डाव संपला. नव्याने शेवटी चॅटमध्ये लिहिलं, 'छान खेळलात.' त्याला उत्तर आलं नाही. त्यानंतर त्या खात्यावर एकही लॉगिन नाही.

जुन्याने नियमाप्रमाणे डाव जिंकला, त्याला मी बोल लावत नाही. मला छळतंय ते वेगळंच. समजा त्या नव्याला अजून एक डाव खेळायचा असता, तर तो त्याला कुठे मिळाला असता? आमच्याकडे डाव संपला की माणूस उघड्या डावांच्या यादीवर येऊन पडतो. ते डाव बहुतेक जुन्यांनीच मांडलेले, कुणी चार दिवसांपासून भिडूची वाट बघतोय, कुणी आठ. कशात शिरावं हे सांगणारं कुणी नाही.

मैदानातल्या खेळात कच्चा लिंबू असतो. तो बाद झाला तरी बाद धरत नाहीत, त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो सगळ्यांबरोबर पळत असतो आणि पळता पळता पक्का होतो. ऑनलाइन खेळात आपण त्याला जागा कुठे ठेवली आहे?

माझं मत असं बनत चाललंय की आपण सगळी मेहनत पहिल्या डावावर करतो आणि माणूस गळतो तो पहिल्या आणि दुसऱ्या डावाच्या मधे. तुमच्या तुमच्या खेळात ही मधली जागा कशी भरलीय ते सांगा. बुद्धिबळ, काळ्या-पांढऱ्या खड्यांचा गो, डिप्लोमसी, काहीही चालेल.

---

पटावरचा_घोडा

हा धागा हवाच होता. सविस्तर लिहितो, आधी इतरांचं वाचू दे.

---

मोजूनमापून

पहिल्या डावाची जोडी कशी लावता यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून रेटिंगपासून, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्यापासून, सुरुवात करतो. थोडं गणित आहे, पण ते इथे कामाचं आहे.

आर्पाद एलो यांची रेटिंगची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यात दोन खेळाडूंच्या रेटिंगमधल्या फरकावरून कुणाला किती गुण मिळावेत हे काढता येतं. फरक २०० असेल तर खालच्याला चार डावांत साधारण एक गुण. ४०० असेल तर अकरा डावांत एक. ८०० असेल तर जवळपास शंभर डावांत एक. तुमचा नवा खेळाडू आठ वर्षं जुन्यासमोर बसला तेव्हा तो या शेवटच्या ओळीत होता, आणि ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने हार स्वतःच्या अकलेच्या खात्यात लिहिली असणार.

आता अडचण अशी की बहुतेक साइट नव्याला मधोमध बसवतात. मार्क ग्लिकमन यांची ग्लिको पद्धत नव्याला १५०० देते आणि सोबत ३५० चं विचलन. त्याचा अर्थ, हा माणूस अंदाजे ८०० ते २२०० मध्ये कुठेही असू शकतो, आम्हाला अजून ठाऊक नाही. लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर ग्लिको-२ चालतं आणि असं अजून न ठरलेलं रेटिंग असलं की पुढे प्रश्नचिन्ह दिसतं. गणित चोख आहे. काही डावांत आकडा धाडधाड खाली येऊन आपल्या जागी बसतो. पण तेवढे डाव माणूस हरत असतो आणि प्रत्येक हारीला आकडा मोठ्या उडीने कोसळताना बघत असतो. आपण म्हणतो पद्धत तुला तपासतेय, त्याला वाटतं मी बुडतोय.

यावर मला पटलेले दोन उपाय आहेत. एक, सरळ विचारा. चेस डॉट कॉमवर खातं उघडतानाच तुम्ही अगदी नवे की थोडे खेळलेले हे विचारतात आणि त्यावरून सुरुवातीचा आकडा ठरतो. लोक यात फारसं खोटं बोलत नाहीत, आपण नवे आहोत हे कबूल करायला नव्याला लाज वाटत नाही. दोन, आकडा असा दाखवा की तो वर चढेल. मायक्रोसॉफ्टच्या ट्रूस्किल या रेटिंगच्या पद्धतीत सरासरी २५ आणि अनिश्चितता ८.३३ धरून सुरुवात होते, पण यादीत लावताना सरासरीतून अनिश्चिततेची तिप्पट वजा करतात. म्हणजे सुरुवात शून्यावर. खेळत गेलं की अनिश्चितता घटते, त्यामुळे काही डाव जिंकले, काही हरले तरी आकडा हळूहळू वरच जातो. माहिती तीच, फक्त माणूस शिडीच्या खालच्या पायरीवरून चढतो.

---

शांत_वजीर

मी बुद्धिबळ शिकवतो, त्यामुळे शिकवणीबद्दल लिहितो.

बुद्धिबळात नव्या खेळाडूची ठरलेली तक्रार म्हणजे 'साइट बिघडली आहे, समोरच्याने माझं प्यादं त्या घरात न येताच उचललं.' हा आँ पासाँचा नियम. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं जायची मुभा मिळाली, तेव्हा शेजारच्या प्याद्याच्या तावडीतून ते फुकट निसटू नये म्हणून हा नियम आला. शिकवणीत तो असतो, नव्याने तो वाचलेलाही असतो. पण वाचलेला नियम आणि स्वतःचं प्यादं गेल्यावर कळलेला नियम यांत फार अंतर आहे. दुसरी तक्रार, शह नसताना समोरच्याला चालच न उरल्याची. वजीर, हत्ती सगळं हाताशी असताना डाव बरोबरीत सुटतो आणि नव्याला वाटतं आपल्याला लुटलं.

माझा अनुभव असा की नियम आधी सगळे सांगून ठेवण्यापेक्षा जेव्हा घडेल तेव्हा तिथेच, त्याच पटावर सांगावा. एक ओळ पुरते: 'हा नियमातला डाव आहे, असं का झालं ते बघा.' तिसरी_चाल, तुम्ही शिकवणी तीनदा लिहिलीत असं म्हणता. चौथ्यांदा लिहू नका. तिचे तुकडे करा आणि खेळात पेरा. सैन्य सारखं वाटून टाकणाऱ्याला फळी फुटल्या क्षणी सांगा की समोरच्याने तीन तुकड्या एकत्र आणल्या होत्या, म्हणून फुटली. तो धडा तो विसरणार नाही.

आणखी एक. डाव संपल्यावर यंत्राचं विश्लेषण लगेच तोंडावर मारू नये. चुकांच्या लाल खुणांची रांग बघून मुलं गप्प होतात हे मी रोज बघतो. समोरासमोरच्या स्पर्धेत डाव संपला की दोघं शेजारच्या खोलीत जाऊन तोच डाव पुन्हा मांडतात, 'इथे तुझा घोडा आला तेव्हा मी घाबरलो होतो' असं हरलेल्याला जिंकलेल्याकडून कळतं. यंत्र कधीच घाबरलेलं नसतं. ऑनलाइन खेळात आपण हे गमावलं, आणि माझ्या मते नवा माणूस टिकण्यात त्याचा वाटा मोठा होता.

---

नवीन_प्यादं

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. मीच ती निघून जाणारी, म्हणून वाटलं लिहावं.

गेल्या वर्षभरात मी अशा तीन साइटवर खातं उघडलं आणि तिन्ही सोडल्या. हरल्यामुळे एकदाही सोडली नाही. हरायची तयारी होतीच, नवीन खेळ आहे म्हटल्यावर कोण जिंकणार.

पहिली सोडली कारण डाव मांडला आणि दोन दिवस कुणी आलंच नाही. तिसऱ्या दिवशी मी विसरले. पाचव्या दिवशी कुणीतरी आलं, मला ईमेल गेली असेल, मी पाहिली नाही, माझ्या चालीची वेळ संपली आणि मी हरले. वर खात्यावर 'डाव अर्धवट सोडणारी' अशी खूण. दुसऱ्या साइटवर समोरचा चांगला होता पण तो एकेक चाल तीन तीन दिवसांनी करायचा. आधी काय ठरवलं होतं तेच आठवेना. तिसरीवर चॅटमध्ये जे लिहून आलं ते इथे लिहीत नाही.

तिन्ही ठिकाणी मला एकदाही दुसरा नवा माणूस भेटला नाही. कुठेतरी असणार ना तेही? मला शिकवणारा नको होता. माझ्याइतकंच न येणारं कुणीतरी हवं होतं.

---

तिसरी_चाल

नवीन_प्यादं, तुमचा हा शेवटचा परिच्छेद मी चार वेळा वाचला. अर्धवट सोडणारी ही खूण आमच्याकडेही आहे आणि ती पहिल्या डावापासूनच लागते. आजच चालवणाऱ्यांशी बोलते.

---

पांढरा_खडा

गोमध्ये ही अडचण फार जुनी आहे आणि तिच्यावर काढलेले तोडगेही जुने आहेत, म्हणून लिहितो.

पहिला तोडगा लहान पटाचा. पूर्ण पट १९ गुणिले १९, म्हणजे ३६१ जागा. नव्याला त्यावर बसवलं तर तासभर खेळून आपण नक्की कुठे हरलो हेच कळत नाही. ९ गुणिले ९ च्या पटावर जागा ८१. डाव पंधरा-वीस मिनिटांत आटपतो, चूक आणि तिचा परिणाम एकाच नजरेत दिसतात, आणि मुख्य म्हणजे लगेच दुसरा मांडता येतो. गो खेळणाऱ्यांत एक म्हणणं आहे, पहिले पन्नास डाव लवकरात लवकर हरून टाका. ते ९ च्या पटावर आठवड्याभरात जमतं. १९ च्या पटावर पन्नास हारी पचवायला फार मोठी चिकाटी लागेल. नकाशाच्या खेळातही सहा मुलुखांचा छोटा नकाशा का असू नये?

दुसरा तोडगा आगाऊ खड्यांचा. दोघांच्या दर्जात जितक्या पायऱ्यांचा फरक तितके खडे दुबळ्याने आधीच पटावर ठेवायचे, नऊपर्यंत. त्यामुळे जुन्या-नव्याचा डावही चुरशीचा होतो. इथे दया दाखवल्याची भावना नसते, ती खेळाची रीतच आहे, आणि बलवान खेळाडूला खरोखर मेहनत करावी लागते. बुद्धिबळात हत्ती-घोडा कमी करून खेळायची पद्धत एकेकाळी होती, आता जवळपास गेली. मला ते नुकसान वाटतं.

तिसरा तोडगा, दोघांनी मिळून डाव पुन्हा बघण्याचा, शांत_वजीर यांनी लिहिलाच आहे. केजीएस या गोच्या साइटवर शिकवणीचा डाव असा वेगळा प्रकारच आहे. डाव चालू असतानाच बलवान खेळाडू मागे जाऊन दुसरी चाल दाखवू शकतो. तिथे मला एका अनोळखी माणसाने महिनाभर शिकवलं. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. तो नसता तर मी आज गो खेळत नसतो.

---

जुना_भिडू

धागा वाचून थोडं वाईट वाटलं, म्हणून मनापासून लिहितो. तो आठ वर्षं जुना खेळाडू मी नाही, पण असू शकलो असतो.

मी दिवसभराच्या कामानंतर एक डाव खेळायला येतो. समोर कोण आहे हे मी निवडलेलं नसतं. यादीत जो आला त्याच्याशी खेळतो. नवा आला की मलाही आनंद होत नाही, चार फेऱ्यांत संपलेला डाव हा माझ्याही दृष्टीने वाया गेलेला डाव असतो. मुद्दाम वाईट खेळावं तर ते त्याचा अपमान केल्यासारखं वाटतं. चॅटमध्ये काही सांगावं तर मागे एकाने 'शहाणपणा शिकवू नका' असं सुनावलं, तेव्हापासून गप्प बसतो. त्या 'छान खेळलात'ला उत्तर न देणं चूकच, ते मी मान्य करतो.

शिकवणं हे काम आहे आणि प्रत्येकाला ते जमत नाही. ज्यांना आवडतं त्यांना साइटने तशी खूण द्यावी, 'यांना विचारा' अशी. नव्याने विचारलं तर सांगणं आणि न विचारता सांगणं यांत फरक पडतो. आगाऊ खड्यांसारखं काही आमच्या नकाशावर असेल, म्हणजे मी दोन मुलूख कमी घेऊन सुरुवात करायची, तर मी आनंदाने खेळेन. तो डाव मला हवाच आहे.

आणि एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. आमच्यातलेच काही जण नवं खातं काढून नव्यांच्या डावांत शिरतात. कुणाला रेटिंग पहिल्यापासून हवं असतं, कुणाला सोपे विजय. नव्यासाठी याच्याइतकं घातक काही नाही, कारण त्याला वाटतं आपल्यासारख्याच नव्याने आपल्याला धुऊन काढलं. हे थांबवल्याशिवाय नव्यांसाठी वेगळी जागा काढलीत तर ती शिकारीची जागा होईल.

---

निळी_शाई

नवीन_प्यादं यांनी चॅटबद्दल लिहायचं टाळलं, मी थोडं लिहिते. माझ्या पहिल्या खात्याच्या नावावरून मी बाई आहे हे कळायचं. जिंकले की घाणेरडं, हरले की तुच्छतेने. ते खातं बंद केलं, नाव असं घेतलं ज्यावरून काही कळत नाही, आणि तोच खेळ सुखाने खेळतेय. माझी जिद्द होती म्हणून मी परत आले. दुसरी कुणी का यावं?

पहिल्या दहा डावांत अनोळखी माणसाचा मोकळा चॅट बंद ठेवावा, फक्त ठरावीक वाक्यं पाठवता यावीत. 'नमस्कार', 'छान डाव', 'आणखी एक?' लीचेसवर झेन मोड आहे, त्यात चॅट आणि रेटिंग दोन्ही नजरेआड होतात. पण तो शोधून चालू करावा लागतो आणि नव्याला तो आहे हे माहीत नसतं. नव्यासाठी सुरुवात बंद दाराने व्हावी, दार तिने स्वतः उघडावं.

'आणखी एक?' हे वाक्य मी मुद्दाम लिहिलंय. धाग्याचा विषय तोच आहे ना.

---

तहनामा

डिप्लोमसीकडून. ॲलन कॅलहॅमर यांचा हा खेळ १९५९ चा. सात खेळाडू, पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, फासे नाहीत, सगळा खेळ बोलण्यावर. ऑनलाइन खेळताना यात नव्याचा प्रश्न तिखट होतो, कारण सातांपैकी एकाने चाली पाठवायच्या बंद केल्या की त्याचं सैन्य जागच्या जागी उभं राहतं, शेजारी फुकट फुगतो, आणि उरलेल्या पाचांचा डाव नासतो. म्हणून वेबडिप्लोमसीवर विश्वासार्हतेचा आकडा ठेवतात. चाली चुकवल्या की तो घसरतो. तो ज्यासाठी आहे त्यासाठी चांगलाच आहे, पण नवीन_प्यादं यांच्यासारख्या, ईमेल न पाहिलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात तोच डाग बनून लागतो. पहिले दोन-तीन डाव या हिशेबाबाहेर ठेवावेत, कच्च्या लिंबासारखे.

आम्ही एका गटात उलटा प्रयोग करतो. कुणी डाव सोडला की ती रिकामी जागा नव्याला देतो. त्याला आधीच सांगतो की ही बाजू हरणारी आहे, तुझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही, फक्त शेजाऱ्यांशी बोलत राहा. तो मधूनच डावात शिरतो, पाच जण त्याला लगेच पत्रं लिहितात कारण प्रत्येकाला त्याची मदत हवी असते. पहिल्याच दिवशी पाच जण आपल्याशी बोलतात हे नव्याला फार आवडतं. हरला तरी ती हार त्याची नसते. सगळ्या खेळांत हे जमणार नाही, तहाच्या खेळात जमतं.

---

पटावरचा_घोडा

वर म्हटल्याप्रमाणे आता लिहितो.

भिडू नाही म्हणून थांबलेल्या नव्याला बॉट, म्हणजे माणसाऐवजी खेळणारा संगणक, द्यावा का? द्यावा, पण दोन अटींवर. तो बॉट आहे हे ठळक लिहा. माणसाच्या नावाने बॉट बसवून नव्याला चार विजय चारणं ही फसवणूक आहे, आणि ज्या दिवशी कळतं त्या दिवशी आधीचा सगळा आनंद नासतो. दुसरी अट, बॉट माणसासारखा चुकावा. ताकद कमी केलेलं बुद्धिबळाचं इंजिन चाळीस चाली देवासारखं खेळतं आणि मधेच वजीर फुकट देतं, त्यातून शिकायला काही मिळत नाही. माइया नावाचा बॉट या बाबतीत मला आवडला. तो लीचेसवरच्या माणसांच्या डावांवरून शिकवलेला आहे, ११०० ते १९०० अशा वेगवेगळ्या रेटिंगसाठी वेगवेगळा, आणि त्या त्या दर्जाचा माणूस कोणती चाल करेल ती करायचा प्रयत्न करतो. त्यामुळे त्याच्या चुका ओळखीच्या वाटतात.

आता नवीन_प्यादं यांच्या प्रश्नाकडे. 'दुसरा नवा माणूस कुठे आहे?' २०२० आठवा. लोक घरी अडकले होते, ऑक्टोबरात बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलीवरची मालिका आली, आणि बुद्धिबळाच्या साइटवर नव्यांचा लोंढा आला. त्यातले बरेच टिकलेही. मला वाटतं त्याचं एक मोठं कारण हे की ते एकत्र आले. कोणत्याही वेळी यादी उघडली तर तितकंच कमी येणारा समोर हजर असायचा. नवे तेवढेच, पण वर्षभरात एकेक करून आले असते, तर त्यातला प्रत्येक जण एकेका जुन्याच्या तोंडी गेला असता.

ट्रॅव्हियनसारख्या, गावं वाढवून लढायच्या ऑनलाइन खेळात हेच मुद्दाम केलेलं आहे. सर्व्हर ठरावीक काळ चालतो, संपतो, नव्याने सुरू होतो. नव्या फेरीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांकडे एकेकच गाव. वर पहिले काही दिवस नव्या गावावर हल्ला करता येत नाही. त्याच सर्व्हरवर दोन महिने उशिरा आलेल्याची अवस्था काय होते हे खेळलेल्यांना सांगायला नको.

म्हणून माझी सूचना: नव्यांना येतील तसे आत सोडू नका. तुकडीने सोडा.

---

मोजूनमापून

पटावरचा_घोडा यांच्या सूचनेला गणिताचा पाठिंबा देतो.

समजा एका वेळी साइटवर ४० जण आहेत. ऐकायला बरे वाटतात. पण नकाशे चार आणि वेळेचे प्रकार तीन असले तर खोल्या झाल्या बारा, एकेका खोलीत तीन-चार जण. त्यात नवा, मधला, जुना असे दर्जे पाडले तर बहुतेक खोल्यांत एकटा माणूस भिंतीकडे बघत बसलाय. मोठ्या साइटला पर्याय वाढवणं परवडतं. लहान साइटने प्रत्येक नवा पर्याय देताना आपण गर्दी फोडतोय हे ध्यानात ठेवावं. जोडी लावण्याचं सगळं तंत्र शेवटी एवढ्यावर येतं: थांबायचं किती आणि बरोबरीचा मिळायचा किती. माणसं थोडी असली की दोन्ही मिळत नाही. मग माणसं एका वेळी एका जागी आणणं हाच उपाय उरतो.

म्हणून ठरलेली वेळ. लीचेसवर ठरावीक वेळी सुरू होणाऱ्या अरीना नावाच्या स्पर्धा असतात, त्यांची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. जिंकल्यास २ गुण, बरोबरीला १, लागोपाठ दोन जिंकलात की पुढच्या डावाचे गुण दुप्पट. हरलात तर काही नाही, लगेच पुढची जोडी. आणि जोडी लावताना गुणतक्त्यात जवळपास असलेल्यांना एकमेकांसमोर आणतात, त्यामुळे दोन डाव हरलेल्याला दोन डाव हरलेलाच भेटतो. तुमच्याकडे नव्याचं रेटिंग अजिबात माहीत नसलं तरी तासाभरात तो आपल्या बरोबरीच्यांत जाऊन पोचतो. आणि दुसरा डाव शोधावा लागत नाही, तो आपणहून येतो.

---

शांत_वजीर

पूर्ण सहमत. शिकवणीवर्गातही एकेकट्या मुलापेक्षा तुकडी टिकते. ती एकमेकांमुळे येतात.

---

तिसरी_चाल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री साइट चालवणाऱ्या दोघांशी दोन तास बोलले. जे ठरलं ते लिहिते, चुकत असेल तर आत्ताच सांगा.

नव्याला आठवड्यातल्या दोन ठरलेल्या वेळा दिसतील. त्या वेळी आलात तर सहा मुलुखांचा छोटा नकाशा, चालीला दोन मिनिटं, एका बैठकीत तीन डाव. जोड्या गुणतक्त्याप्रमाणे. ज्याने दहापेक्षा कमी डाव खेळलेत त्यालाच प्रवेश. या डावांत मोकळा चॅट नाही, निळी_शाई यांची तीन वाक्यं जशीच्या तशी घेतली आहेत. 'डाव अर्धवट सोडणारी' ही खूण पहिल्या पाच डावांत लागणार नाही. जुन्या लोकांची दुसरी खाती ओळखायचं काम मी आणि आणखी एक जण हाताने करू. जुना_भिडू म्हणतात ते खरं आहे, एका माणसानेही तिथे शिकार केली तर सगळं फुकट.

मधल्या काळात आला तर त्याला बॉट मिळेल, नावापुढे 'बॉट' असं लिहिलेला. तो चांगला चुकत नाही अजून, त्यावर काम लागेल.

आणि मोजूनमापून यांच्या हिशेबामुळे एक अवघड निर्णय घेतला. वेळेचे चार प्रकार होते, ते दोन करतोय. दिवसाला एक चाल, आणि बैठकीचा डाव. तीन दिवसांचा आणि दहा दिवसांचा प्रकार बंद.

---

जुना_भिडू

दहा दिवसांचा प्रकार बंद?

मी तो सात वर्षं खेळतोय. माझ्या चार मित्रांबरोबरचा एक डाव दोन वर्षं चाललाय. आमच्यापैकी दोघांना रोज लॉगिन करणं जमत नाही, एकाची तब्येत ठीक नसते. नव्यांसाठी जागा करा, मी वर त्याच्या बाजूनेच लिहिलंय. पण त्यासाठी आम्हाला घराबाहेर काढावं लागेल असं वाटलं नव्हतं.

---

तिसरी_चाल

तुमची नाराजी रास्त आहे. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, ते राहिलं, माफ करा. तुमचा चालू डाव बंद होणार नाही, संपेपर्यंत तसाच राहील. यापुढेही दहा दिवसांचा डाव ओळखीच्यांना आमंत्रण देऊन मांडता येईल एवढं मी मागून घेते. उघड्या यादीत मात्र तो दिसणार नाही. नवा माणूस त्या यादीत शिरतो आणि पहिल्या चालीची वाट बघता बघता जातो, हे मी शंभर वेळा पाहिलंय.

---

जुना_भिडू

आमंत्रणाने चालत असेल तर आमची हरकत नाही. मित्रांना सांगतो.

आणि त्या 'यांना विचारा' यादीत माझं नाव घाला. आठवड्यातल्या दोन वेळांपैकी उशिराची मला जमते. दोन मुलूख कमी घेऊन खेळायची सोय कधी होतेय ते कळवा.

---

नवीन_प्यादं

दहापेक्षा कमी डाव म्हटलंय. बॉटबरोबर खेळलेले त्यात धरणार का? धरणार असाल तर मी आत्ता बॉटशी खेळत नाही, पहिल्या तुकडीपर्यंत थांबते.

---

तिसरी_चाल

नाही धरणार. खेळा बिनधास्त.